बाकाखालच्या दोन विटा

माझ्या तिसरीच्या वर्गात खिडकीकडच्या दुसऱ्या बाकाखाली दोन विटा आहेत. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेल्या. वर्गात कुणी नवीन माणूस आला की त्याची नजर तिथे जाते. "बाक डगमगतो का हो बाई?" बाक चांगला भक्कम आहे. डगमगतो तो त्यावर बसणारा.

त्याला आपण सोहम म्हणू. आठ वर्षांचा आहे. परिपाठाला रांगेत उभा केला की पुढच्याच्या शर्टाची शिवण उसवत बसतो. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो, आणि ते बऱ्याचदा बरोबर असतं. तोंडी गणितात वर्गात पहिल्या तिघांत. तेच वहीत मांडायला सांगितलं की पहिल्या ओळीनंतर पेन्सिल हरवते. वर्षात किती पेन्सिली हरवल्या याचा हिशेब ठेवणं त्याच्या आईने केव्हाच सोडून दिलं. पहिली-दुसरीत शाळेने त्याच्यासाठी काय केलं? त्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि दर पाच मिनिटांनी त्याचं नाव घेतलं. तिसरीत माझ्याकडे आल्यावर सुरुवातीचे तीन महिने मीही तेच केलं.

पुढे त्याला साताऱ्याला नेलं. आधी बालरोगतज्ज्ञ, मग मानसोपचारतज्ज्ञ. निदान झालं एडीएचडीचं, म्हणजे अवधान टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं जड जाण्याचं. चिठ्ठीवर बाकीच्या मजकुराखाली एक ओळ होती: ओटी सुरू करा. त्याचे वडील ती चिठ्ठी घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आले, तोंड उतरलेलं. "बाई, पोराचं ऑपरेशन करायचं म्हणतायत का?"

त्यांचं चुकलं नाही. दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि आमच्या बायकांत ओटी म्हणजे खणानारळाची. ही तिसरी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात, पण त्या नावाने घोळ वाढतोच. आठ वर्षांच्या पोराला कसला आलाय व्यवसाय? पण शब्दाचा मूळ अर्थ धरला तर तो चपखल आहे. माणूस दिवसभर ज्या ज्या कामात गुंतलेला असतो तो त्याचा व्यवसाय. मुलाचा व्यवसाय म्हणजे बूट घालणं, दप्तर भरणं, डबा खाणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबणं. एडीएचडी असलेलं मूल अडतं ते नेमकं इथेच. त्याच्या बुद्धीत खोट नसते. ठरलेलं काम, ठरल्या वेळी, शेवटपर्यंत नेण्यात त्याची दमछाक होते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. मूल जिथे अडतं तिथे ही थेरपी पोचली पाहिजे, म्हणजे शाळेत आणि घरी. आज महाराष्ट्रात ती पोचते ती शहरातल्या गुळगुळीत खोल्यांत, सेशनवर पैसे मोजू शकणाऱ्यांच्या मुलांपर्यंत.

अशी एक खोली मी पाहिली आहे. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात दीड वर्ष तिथे जात होता. छताला टांगलेला झोपाळा, जमिनीवर रंगीत गाद्या, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या चेंडूंचा हौद, एक छोटा ट्रॅम्पोलिन. पंचेचाळीस मिनिटांचे ८०० रुपये, आठवड्यातून दोनदा. महिन्याला साडेसहा हजार धरा, रिक्षाचे वेगळे. बहीण बाहेर खुर्चीत मोबाईल बघत बसायची. शेवटची पाच मिनिटं दार उघडायचं आणि आतून एक हसरी मुलगी सांगायची, "आज छान को-ऑपरेट केलं." भाचा आनंदाने जायचा, का नाही जाणार? झोपाळ्यावर त्याचं लक्ष उत्तम लागायचं. शाळेच्या डायरीत मात्र लाल शाईचे शेरे तसेच येत राहिले. दीड वर्षात त्या केंद्राने शाळेला एक फोन केला नाही, आणि शाळेनेही कधी विचारलं नाही की हा मुलगा मंगळवार-शुक्रवार लवकर कुठे जातो.

हे सांगते म्हणून मला थेरपीच्या विरोधकांत ढकलू नका. झोपाळ्याच्या मागे एक विचार आहे. अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत तो मांडला. स्पर्श, तोल, सांध्या-स्नायूंतून येणारी जाणीव, यांची मेंदूत नीट सांगड बसली नाही तर मुलाला शिकणं आणि वागणं जड जातं, म्हणून खेळातून ती सांगड बसवायची. त्याला सेन्सरी इंटिग्रेशन म्हणतात. काही मुलांना त्याचा उपयोग होताना दिसतो. पण २०१२ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, म्हणजे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, याबद्दल जे म्हटलं ते आपल्याकडच्या प्रत्येक पालकाला सांगायला हवं. एकूण उपचारातला एक भाग म्हणून हे चालेल, पण त्याच्या परिणामाचा पुरावा तोकडा आहे, हे पालकांना स्पष्ट सांगा. आणि सुरू करतानाच ठरवा, किती दिवसांत नेमकं काय बदललेलं दिसलं पाहिजे. माझ्या बहिणीला दीड वर्षात हे कुणी सांगितलं नाही. 'हळूहळू फरक पडेल' एवढं सांगितलं. हळूहळू या शब्दावर किती फिया निघतात, याचा अंदाज कुणीही करावा.

दुसरी एक गोष्ट पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते: गोळ्या नकोत, त्यापेक्षा थेरपी बरी. जणू या दोन दुकानांतल्या एकाच मालाच्या दोन पुड्या आहेत. १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ५७९ मुलांवर चौदा महिने केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर, म्हणजे अवधान टिकणं आणि उतावळेपणा आवरणं यांवर, नीट देखरेखीखाली दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा गटांमधलं ते अंतर उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं. त्या अभ्यासात ऑक्युपेशनल थेरपी नव्हतीच. तेव्हा तिला औषधाचा पर्याय म्हणून विकणं हा अप्रामाणिकपणा आहे. गोळीने मूल दहा मिनिटं बाकावर टिकेल. पण त्या दहा मिनिटांत पेन्सिल कशी धरायची, दप्तरात वही कुठल्या कप्प्यात ठेवायची, हे गोळी शिकवत नाही. ते काम ओटीचं. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर आणि आईबाप ठरवतील, मी शिक्षिका आहे, त्यात माझं मत कुणी मागू नये आणि मी देऊ नये.

रसेल बार्कली हे नाव या विषयात वारंवार येतं. एडीएचडीवर आयुष्य घालवलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या मांडणीतलं एक सूत्र मला शिक्षिका म्हणून फार पटतं. या मुलांना काय करायचं हे ठाऊक असतं. ठाऊक असलेलं ऐन वेळी करणं त्यांना जमत नाही. म्हणून मदत द्यायची ती काम जिथे आणि जेव्हा करायचं असतं तिथेच, त्याच क्षणी. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता झोपाळ्यावर शिकलेला धीर बुधवारी सकाळी अकराच्या मराठीच्या तासाला आपोआप येईल, ही अपेक्षा म्हणजे पोहणं शिकवायला मुलाला गच्चीवर नेण्यासारखं.

तर सोहमची गोष्ट. पुण्यात जायला त्याच्या वडिलांकडे ना पैसे ना रजा. भाच्याच्या निमित्ताने एका तरुण थेरपिस्टशी माझी ओळख झाली होती. त्या केंद्रातली नव्हे, नंतर भेटलेली. तिचं आजोळ आमच्या शेजारच्या गावात. ती यात्रेला आली होती, मी म्हटलं, अगं, अर्धा दिवस माझ्या वर्गात येऊन बस. ती आली. सोबत काही नव्हतं, एक वही आणि पाण्याची बाटली. मागे खाली सतरंजीवर बसली. मुलांनी पहिली दहा मिनिटं वळून वळून पाहिलं, मग विसरली.

मधल्या सुट्टीत तिने मला पहिला प्रश्न विचारला, "बाई, त्याचे पाय कुठे आहेत?" मी आठ वर्षांच्या मुलाचे पाय कधी पाहिले नव्हते. आमचे बाक सातवीच्या मुलांच्या मापाचे, कुठल्याशा शाळेतून बदलून आलेले. सोहमचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. तो घडीघडीला पुढे सरायचा, एक पाय खालच्या दांडीत अडकवायचा, दुसरा मांडीखाली घ्यायचा, पुन्हा सोडायचा. मी याला इतके दिवस चुळबूळ म्हणत आले होते. ती म्हणाली, निम्मी चुळबूळ तोल शोधण्याची आहे. तुम्ही उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसून शुद्धलेखन लिहून बघा. मी शाळा सुटल्यावर खरंच बसून पाहिलं. दुसऱ्या ओळीला कंबर अवघडली.

मग फळा. नऊ शब्दांचं एक वाक्य उतरवताना त्याने चौदा वेळा मान वर केली होती. प्रत्येक वेळी फळ्यावर जागा शोधायची, खाली येऊन वहीत जागा शोधायची, आणि या वर-खालीच्या वाटेत खिडकीतला कावळा, पुढच्याची रिबन, माझी बांगडी. यात तो वाक्यच विसरायचा आणि मग सरळ सोडून द्यायचा. आणि लिहिताना पेन्सिल इतकी दाबायचा की मागच्या पानावर अक्षरं उठायची. चार ओळींत हात दुखणार नाही तर काय.

इथे देवनागरीबद्दल एक सांगायला हवं, कारण परदेशी पद्धतीचं हस्ताक्षराचं शिक्षण उचलून आणलं की हे सुटून जातं. 'विद्यार्थी' हा शब्द लिहा. कान ऐकतो 'व' आणि मग 'इ', हात आधी वेलांटी काढतो. मग जोडाक्षर. मग थ-ला दीर्घ वेलांटी, आणि जो र कानाने थ-च्या आधी ऐकला त्याचा रफार सगळं झाल्यावर वर जाऊन द्यायचा. शेवटी मागे येऊन शिरोरेषा. एका शब्दात हात किती वेळा उचलून मागे-वर न्यावा लागतो! क्रम डोक्यात धरून ठेवणं हेच ज्याला जड, त्याच्यासाठी हा शब्द म्हणजे अडथळ्यांची शर्यत. सोहमच्या वहीत रफार नसतो, शिरोरेषा तीन अक्षरांपर्यंत जाऊन थांबते. मी लाल शाईने 'शुद्धलेखन सुधारा' लिहायचे. काय सुधारणार होता तो?

तिने सांगितलेले उपाय ऐकून आधी माझी निराशाच झाली, इतके ते साधे होते. पायाखाली दोन विटा. फळ्यावरचा मजकूर त्याच्यापुरता एका चिठ्ठीवर लिहून बाकावर, म्हणजे मान वर-खाली नको. शिरोरेषा आधी आखून दिलेली वही. दहा ओळींऐवजी चार, पण चारही पुऱ्या. पेन्सिलीला सुतळीने बाकाशी बांधून टाकायचं (यावर वर्ग हसला, मग आणखी तिघांनी मागितलं). आणि मधल्या सुट्टीनंतरच्या तासाआधी त्याला जड काम द्यायचं: पाण्याची बादली आणणं, पुस्तकांचा गठ्ठा ऑफिसात पोचवणं. मी त्याला शिक्षा म्हणून जागेवर उभं करायचे, तिने त्याला कामाला लावलं. जाताना म्हणाली, "त्याच्यावर मी काहीच उपचार केले नाहीत हं. मी तुमचा बाक दुरुस्त केला."

दोन महिन्यांनी सोहम शांत झाला का? नाही. आजही तो शर्टाची शिवण उसवतो. पण आठवड्यातले तीन दिवस तरी गृहपाठ वहीत उतरवलेला असतो, आणि मी त्याचं नाव दिवसात पूर्वी शंभरदा घेत असेन तर आता वीसदा घेते. त्याच्या आईने सांगितलं की तो शाळेला जायला रडत नाही. एवढंच. अर्ध्या दिवसाच्या मोबदल्यात एवढं मला पुष्कळ वाटतं.

आता प्रश्न असा, की हा अर्धा दिवस मला ओळखीपाळखीतून का मिळवावा लागला?

गंमत म्हणजे या विद्येचं भारतातलं मूळ आपल्याच राज्यात आहे, तेही सरकारी नव्हे तर महापालिकेच्या दवाखान्यात. १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू झाली, ती कमलाबाई निंबकरांनी केली. जन्माने अमेरिकी, लग्नाने निंबकर. आमच्याच जिल्ह्यातल्या फलटणला त्यांच्या नावाचं बालभवन आहे, मराठी शाळा कशी असावी हे पाहायला लोक तिथे जातात. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. मुंबईत आज महापालिकेच्या तीन मोठ्या रुग्णालयांशी जोडलेल्या शाळा आहेत, हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था आहे, नागपुरात वैद्यकीय महाविद्यालयात आहे. पंचाहत्तर वर्षं आपण थेरपिस्ट घडवतो आहोत. त्यातली एकही जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला आल्याचं मी माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही. पद असेल तर येणार ना.

पद का नाही, याचं उत्तर कागदात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस झाले. स्वमग्नता आली, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आली, फार चांगलं झालं. एडीएचडी आलं नाही. शाळेची माहिती भरताना अपंगत्वाच्या प्रकाराचा रकाना असतो, त्यात सोहमपुढे मी काय भरू? काहीच नाही. रकान्यात जो नाही तो मोजला जात नाही, आणि जो मोजला जात नाही त्याच्यासाठी पैसा येत नाही. 'समग्र शिक्षा' या सरकारच्या शालेय योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपये धरलेले आहेत, ते मोजलेल्या मुलांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. तीही मोजलेली मुलं. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंत संरक्षण देते आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. एडीएचडीच्या जोडीला अध्ययन अक्षमता निघाली तर तिच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलती मिळतात. नुसतं एडीएचडी असेल तर मूल ना इकडचं ना तिकडचं.

आणि गंमत अशी की आरोग्य खात्याला ते ठाऊक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. त्यातल्या तीस तपासायच्या स्थितींच्या यादीत एडीएचडी नाव घेऊन आहे. वर्षातून एकदा पथक शाळेत येतं. आमच्याकडे येतं तेव्हा दिवसात दीडशे मुलांचं वजन, उंची, दात, डोळे बघायचे असतात. त्या गर्दीत सोहम रांग मोडून सगळ्यात आधी तपासून घेऊन मैदानावर पळाला. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं: निरोगी. अवधानाचा त्रास मूल अर्ध्या मिनिटात दाखवत नाही. तो दिसतो सहा महिने रोज पाच तास त्याच्यासोबत असणाऱ्याला, म्हणजे आईला आणि माझ्यासारखीला. निदानाचा नियमही तसाच आहे: लक्षणं सहा महिने तरी हवीत, बाराव्या वर्षाआधीची हवीत, आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत. आम्हाला विचारल्याशिवाय निदान पुरं होत नाही. मग उपचार आम्हाला वगळून कसा होईल?

यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला: मुलांना लेबलं लावू नका, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आमच्या वेळी नव्हतं कसं? मराठीत या मुलांसाठी इतके शब्द आहेत की वैद्यकाच्या पुस्तकातल्या अठरा लक्षणांना पुरून उरतील. वांड, द्वाड, धांदरट, वेंधळा, धसमुसळा, चळवळ्या, उपद्व्यापी, आरंभशूर. माझी आजी या प्रत्येक शब्दातला फरक अचूक पाळायची. वेंधळा म्हणजे वस्तू विसरणारा, धांदरट म्हणजे घाईत सांडणारा. लेबल आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो, फक्त त्याच्यामागे मदत नव्हती, छडी होती. आणि हे शब्द बहुतेक पुल्लिंगी वापरले जातात हेही बघा. मुलींमध्ये हा त्रास बऱ्याचदा गडबडीशिवाय येतो. ती गप्प बसून खिडकीबाहेर बघते, वही अर्धी, डबा घरी विसरलेला. ती कुणाला त्रास देत नाही म्हणून तिला शब्दही नाही आणि चिठ्ठीही नाही. माझ्या जुन्या वर्गांतल्या दोन-तीन जणी आता डोळ्यांसमोर येतात. त्यांना मी 'सामान्य' या शेऱ्यात बसवलं होतं.

दुसरा आक्षेप माझ्याच बिरादरीचा आहे आणि तो खरा आहे. आणखी एक काम शिक्षकांच्या गळ्यात? निवडणुका, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवी लिंक भरा. मला आणखी एक रजिस्टर नको आहे. पण मी सांगते आहे ते कामाच्या बेरजेत जात नाही. शंभरदा नाव घ्यायचं ते वीसदा घेते, यात माझा घसा वाचला. मला त्याची चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं जातात, 'सोहम, लिहायला लाग' यात पूर्वी दहा जात होती. अट एवढीच, की हे दाखवायला कुणीतरी वर्गात यायला हवं. पीडीएफ पाठवून हे होत नाही. माझ्याकडे असल्या सव्वाशे पीडीएफ आहेत.

मग करायचं काय? एकवीसच्या यादीत बाविसावा क्रमांक मिळावा, तीव्र त्रास असलेल्या मुलांना परीक्षेत वेळ मिळावा, यासाठी जे भांडत आहेत त्यांच्या बाजूला मी आहे. पण सगळी मदत प्रमाणपत्राच्या खुंटीला बांधली तर काय होतं हे आम्ही पाहिलेलं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा, मंडळाची तारीख, साहेब रजेवर. सवलतींना लागणारं चाळीस टक्के अपंगत्व भरलं की नाही याची चिंता. दोन विटांना चाळीस टक्के लागत नाहीत.

माझी मागणी आहे तालुक्याला एका ऑक्युपेशनल थेरपिस्टची, गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या कार्यालयात, पगारी आणि कायम. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत, म्हणजे तेवढी पदं. तिने मुलांना उपचार द्यायला बसायचं नाही, एका तालुक्यातल्या शाळा पाहता ते शक्यही नाही. तिने वर्गांत जाऊन बसायचं, जिथे शिक्षक बोलावतील तिथे. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होते, तिथे तिला एक तास द्यायचा. आज त्या तासात काय होतं ते परिषदेला गेलेल्यांना सांगायला नको. ज्या मुलाला खरोखर नियमित थेरपीची गरज आहे, हाताचा आणि शरीराचा समन्वयच कमी आहे (एडीएचडीच्या मुलांत असं बरंच आढळतं), त्याला तिने पुढे पाठवायचं. पद निघेपर्यंतही एक वाट आहे. या पदवीच्या शेवटी इंटर्नशिप असते. एमबीबीएसच्या मुलांना ग्रामीण भागात पाठवतात, तसं यातले दोन महिने शाळांत काढायला लावले तर? विद्यार्थिनींनाही कळेल की फरशी उखडलेल्या वर्गात, झोपाळ्याशिवाय, आपली विद्या किती चालते. माझा अंदाज, बरीच चालते.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून शाळेनेच ही सेवा पुरवायची असते. न्यू जर्सीत माझ्या मामेबहिणीच्या मुलाला आठवड्याला तीस मिनिटं थेरपिस्ट शाळेत भेटते, घरचे एक डॉलर देत नाहीत. तीही कुरकुर करते, तीस मिनिटांत काय होतं म्हणून. मी फोनवर गप्प बसले.

शहरातल्या पालकांनाही एक सांगते, कारण हा लेख वाचणार ते जास्त. थेरपिस्टकडे महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का हे विचारा. तो तुमचा हक्क आहे, अपमान नाही. आणि पहिल्याच भेटीत विचारा, तुम्ही शाळेत कधी येणार? 'आम्ही शाळेत जात नाही' असं उत्तर आलं तर चेंडूंचा हौद कितीही छान असो, दुसरीकडे बघा.

गेल्या महिन्यात आमच्याकडे तपासणी होती. आदल्या दिवशी शाळा आवरताना कुणीतरी त्या विटा अडगळ म्हणून उचलून मागे टाकल्या. माझ्या लक्षातही आलं नाही. परिपाठ झाला, मुलं वर्गात आली, साहेब अजून ऑफिसात चहा घेत होते. सोहम बाकापाशी उभाच. "बाई, माझ्या विटा?" ज्याला पेन्सिल आठवत नाही, दप्तर आठवत नाही, त्याला विटा आठवल्या. मी म्हटलं, आज बस तसाच, उद्या बघू. तो कुठला ऐकतोय. शौचालयामागे जाऊन एक शोधून आणली, धुळीने भरलेली, सुतळी सुटलेली. दुसरी सापडली नाही. सध्या त्याचा एक पाय विटेवर आहे आणि एक जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यावर.